एका ग्रॅमात अडीच गुंठे

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई हमखास विचारतात, "तुम्ही कंपनीत होतात ना? काय बनवायचात?" मी सांगते, "गोळ्या." त्या लगेच गुडघेदुखीवर येतात. "औषधाच्या नव्हे हो," एवढं म्हणेपर्यंत जिलबी येते आणि माझी तेहेतीस वर्षांची नोकरी तिथंच राहते. इथं वाढपी मध्ये येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पेणची. आमची कंपनी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत. लागले तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच बाई होते. निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळा माझ्याकडे होती आणि तिच्यात सात मुली होत्या. मधल्या बढत्यांची हकीकत माझ्या नवऱ्यालासुद्धा ऐकवत नाही, तेव्हा ती सोडून देते. सांगायची आहे ती पापडांची गोष्ट. पण त्यासाठी आधी गोळ्या समजायला हव्यात.

आमच्या गोळ्या म्हणजे कॅटॅलिस्ट. शाळेच्या पुस्तकातला उत्प्रेरक. काही रासायनिक क्रिया आपणहून होतच नाहीत, किंवा होतात पण भयंकर तापवावं लागतं. जवळ योग्य धातूचं ऑक्साइड असलं, की तीच क्रिया पुष्कळ कमी उष्णतेत भराभर होते, आणि ऑक्साइड शेवटी होतं तसं उरतं. मेख इतकीच, की हे सगळं ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चालतं. तांब्याच्या ऑक्साइडचा ठोकळा ठेवलात तर वरचा थर काम करतो आणि आतला सगळा माल नुसता बसून असतो. आमच्या पेणच्या बायकांना हे सांगायला मला कधी वेळ लागला नाही. पापडाच्या पिठाचा गोळा उन्हात ठेवला तर वरून तडकतो आणि आत ओलाच राहतो. तोच लाटून पसरला तर दोन तासांत वाळतो. पीठ तेवढंच, ऊन तेवढंच. फरक पसरण्यात आहे.

आम्हीही ऑक्साइड पसरत असू. कशावर, तर अ‍ॅल्युमिनावर. ते पांढरं, मातीसारखं दिसतं, त्याचे वाटाण्याएवढे गोळे करून भट्टीत भाजतात. याला कारखान्यात 'सपोर्ट' म्हणतात, म्हणजे आधार. वरून गोळा गुळगुळीत दिसतो, पण आत सगळी बिळंच बिळं, डोळ्यांना न दिसणारी. तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात गोळे भिजवायचे, वाळवायचे, पुन्हा भाजायचे, की बिळांच्या भिंतींवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. भिंती जितक्या जास्त, तितकं ऑक्साइड जास्त पसरणार, तितका गोळा कामाला चांगला. निदान मी तरी कितीतरी वर्षं असंच मानत होते.

या भिंतींचं क्षेत्रफळ मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. नमुना काचेच्या नळीत घालायचा, नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि आत नायट्रोजनचाच वायू सोडायचा. त्या थंडीत वायू भिंतींना चिकटतो. एक थर बसायला किती वायू लागला, त्यावरून भिंती किती ते काढायचं. आमच्या चांगल्या अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये अडीचशे चौरस मीटर भरायचे. चौरस मीटर म्हटलं की आमच्या भागात कुणाला काही वाटत नाही. गुंठे म्हटलं की माणूस ताठ बसतो. म्हणून मी हिशेब करून ठेवला होता: एका ग्रॅमात अडीच गुंठे.

भट्टीवरच्या हिराजीकाकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या गोळ्यांकडे बराच वेळ बघितलं.

"मॅडम, मूठभर खिशात घालून घरी नेल्या, तर सातबाऱ्यावर नाव लागंल काय?"

हिराजीकाका पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचे. आईवडील मिठागरात, स्वतःही पंचविशीपर्यंत मिठागरातच. मग आमच्या कंपनीत लागले आणि भट्टीवर गेले ते तिथंच राहिले. उंच, काटक, बोलायला मोजके. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांची एक सवय मला अजिबात आवडत नसे. भाजलेला पांढरा गोळा ते जिभेला लावून बघत. आतली बिळं ओल शोषून घेतात, त्यामुळे चांगला गोळा जिभेला घट्ट चिकटतो. "धरतो का ते बघतो," असं ते म्हणायचे. तांबं चढवलेला माल त्यांनी कधी तोंडाजवळ नेला नाही, पण तरी मी प्रयोगशाळेतल्या मुलींना सांगून ठेवलं होतं, की ही पद्धत कुणी उचलायची नाही. काही लाखांचं यंत्र आणि काकांची जीभ यांच्यात तुलना होणं मला कमीपणाचं वाटायचं, हे आता कबूल करते.

एका वर्षी दिवाळीनंतर काकांच्या भट्टीतून एक लॉट निघाला. मी नमुना यंत्रावर लावला आणि आकडा बघून पुन्हा लावला. अडीच गुंठ्यांचा जेमतेम एक गुंठा झाला होता. याचा अर्थ भट्टी नको तेवढी तापली होती. तसं झालं की बारीक भिंती एकमेकींना चिकटतात, चार लहान बिळांचं एक मोठं बीळ होतं आणि एकूण भिंती कमी होतात. मी तरातरा भट्टीवर गेले.

"काका, किती तापवलंत?"

"पडद्यावर आकडा बरोबरच व्हता, मॅडम. आतली तापमान मोजायची तार सरकली व्हती. मला रंगावरनं संशय आला म्हणून मीच बंद केली."

"रंगावरून संशय आला तो आधी का नाही आला?"

त्यांनी मूठभर गोळे उचलून माझ्यापुढे धरले. म्हणाले, "पण माल वाईट नाय. पाण्यात टाकून बघा. लई झटकन पितो. बुडबुडं बघा कशे सुटतात."

"पाणी कसं पितो ते गिऱ्हाईक विचारत नाही. क्षेत्रफळ विचारतं."

मी त्या लॉटच्या पिंपांना नापास मालाच्या लाल चिठ्ठ्या लावल्या आणि अहवालात कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. तार तपासायला दोन दिवस लागले असते. मला तेवढा धीर नव्हता.

यानंतर दोन-तीन महिन्यांनी दिलीपशेठ आले.

दिलीपशेठचा कारखाना पेण-नागोठणे रस्त्यावर एका गावाला लागून. तेलाच्या डब्यांना लागणारे पत्रे तिथं तयार व्हायचे. पत्र्याला लाखेसारखा लेप लावायचा आणि लांबलचक भट्टीत भाजायचा. भाजताना लेपातला द्रव वाफ होऊन धुराड्यातून जायचा आणि गावावर पसरायचा. आंबट, चिकट, घशाशी बसणारा वास. आमच्याकडे आले तेव्हा शेठ खुर्चीवर बसायला तयार नव्हते. येरझाऱ्या घालत म्हणाले, "मॅडम, गावातले लोक वास येतो म्हणतात. येत असेल. मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला वासच येत नाही. वीस वर्षं त्याच भट्टीजवळ उभा आहे ना. घरी आमटी करपली तरी मला कळत नाही. रोज संध्याकाळी शर्ट बायकोपुढं धरतो आणि विचारतो, 'बघ गो, आज आहे का?' ती लांबूनच म्हणते, आहे."

असं गिऱ्हाईक मला आधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही. वास मारायचाय आणि मारला की नाही ते स्वतःला समजणार नाही!

गावची तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गावातल्या बायकांचा गट पोह्यांचे पापड करायचा. माघापासून वैशाखापर्यंत अंगणाअंगणांत पापड वाळत घातलेले. त्या वर्षी शेठनी दुसरी भट्टी सुरू केली आणि पापडांना वास लागायला लागला. व्यापाऱ्याने माल परत पाठवला. गावच्या सरपंच सुनंदाताई स्वतः त्या गटात पापड लाटणाऱ्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांचा सख्खा दीर शेठच्या कारखान्यात कामाला, गावातली आणखी वीसेक माणसंही तिथंच. म्हणजे कारखाना बंद झाला तर घरातले पुरुष बसणार आणि चालू राहिला तर बायकांचं काम जाणार. ताईंना दोन्ही बाजूंनी घरचेच लोक बोलत होते.

उपाय आमच्याकडे होता. धुराड्याआधी एक लोखंडी पेटी बसवायची, तिच्यात आमच्या गोळ्यांचे थर. नुसता जाळून तो वास मारायचा तर प्रचंड इंधन लागतं. तांब्याच्या ऑक्साइडवरून नेला तर निम्म्याहून कमी तापमानात जळतो आणि बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. मी आमच्याकडचा सगळ्यांत जास्त क्षेत्रफळाचा सपोर्ट निवडला. प्रयोगशाळेत चाचणीचा शुद्ध वायू त्यावरून सोडला, तर पलीकडे काही शिल्लकच राहीना. मी खूश.

शिमग्याच्या आधी पेटी बसली. भट्टी सुरू झाली, तासाभरात वास गेला. अंगणातल्या बायका नाक वर करून हुंगत होत्या आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या. सुनंदाताईंनी मला चहा दिला. मला भाषण करायची काही गरज नव्हती. तरी केलं. एका ग्रॅमात अडीच गुंठे, हे सांगितलं, सगळ्या थक्क झाल्या, आणि त्या भरात मी म्हणून गेले, "आता दोन वर्षं तुम्हाला या वासाची आठवणसुद्धा येणार नाही."

अकराव्या दिवशी सुनंदाताईंचा फोन आला.

"मॅडम, आठवण आली."

मी दुपारी तिथं पोहोचले. रस्त्यावर उतरल्या उतरल्या घसा धरला. ताईंच्या अंगणात बायका बसल्या होत्या. ताईंनी चुलीवर तेल ठेवलं, एक पापड तळला आणि बशीत घालून माझ्यापुढे ठेवला. मी तुकडा तोडला. पापड सुरेख फुलला होता, पांढराशुभ्र. तोंडात घातला आणि नव्याने रंगवलेल्या दाराला दात लावल्यासारखं झालं. थुंकायची सोय नव्हती. गिळला.

"कसा हाय?" ताईंनी विचारलं.

"वाईट आहे."

"व्हय. आमाला पण तसंच वाटलं." त्या शांतपणे म्हणाल्या. "मॅडम, तुमचा राग नाय. पण ग्रामसभेत ठरलंय. हनुमान जयंतीपर्यंत वास गेला नाय, तर शेठच्या गेटला कुलूप. माझा दीर घरात जेवताना माझ्याशी बोलत नाय. मी पण काय करू?"

परतीच्या वाटेवर मी नुसती खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी पेटीतले गोळे काढून रोह्याला आणले. वरून काळपट, चिकट. मी त्यांची पूड केली, यंत्रावर लावली. क्षेत्रफळ कमी झालं होतं, पण इतकंही नाही, की सगळं काम बंद पडावं. अजून दीड गुंठ्याच्या वर होतं. मग हा गोळा बसून का आहे? तीन दिवस मी आकड्यांकडे बघत बसले. तांबं वाढवायचं का, पेटी मोठी करायची का, असल्या याद्या करत.

तिसऱ्या दिवशी डबा खाऊन परत येते, तर माझ्या टेबलाशी हिराजीकाका उभे. गोळ्यांची बशी त्यांच्या हातात होती.

"हेच काय ते पापडवाले?"

"हो. हात नका लावू, काका, आणि जीभ तर मुळीच नको."

"जीभ कशाला लावू, येडा हाय काय मी?" त्यांनी खिशातली पक्कड काढली आणि एक गोळा मधोमध फोडला. दोन्ही अर्धे माझ्यापुढे धरले. "बघा."

तेहेतीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नसेल. कडेला काळं, जेमतेम नखाच्या जाडीएवढं. आत मात्र सगळा गोळा हिरवट, स्वच्छ, बनवला त्या दिवशी होता तसा. मी पूड करून मोजत होते. कडेचं आणि आतलं एकत्र. एकही गोळा मी फोडून बघितला नव्हता.

"आत कुणी गेलंच नाय, मॅडम," काका म्हणाले. "आमच्या खाडीच्या बांधात खेकड्यांची बिळं असतात. बारक्या बिळात बारका खेकडा जातो. मोठा आला तर तोंडातच अडकतो. मग त्याच्यामागनं दुसरा, तिसरा. तोंड बुजलं, की आत कितीबी जागा असू दे."

मी खुर्चीत बसले. प्रयोगशाळेतला माझा चाचणीचा वायू साधा, लहान रेणूंचा. तो कुठल्याही बिळात शिरत होता. शेठच्या लेपातून निघणारे रेणू मोठे, चिकट. ते बिळाच्या तोंडाशीच थबकत, तिथंच अर्धवट जळून डांबरासारखे बसत. अडीच गुंठ्यांपैकी दीड गुंठ्यावर पाऊल पडलंच नव्हतं.

"मोठी बिळं पाहिजेत," मी म्हटलं.

काका पक्कड खिशात घालून दाराकडे वळले. गोदामाच्या दिशेने बघत राहिले. मला समजायला थोडा वेळ लागला. लाल चिठ्ठ्यांची पिंपं.

"तुम्ही म्हणालात ना, तो पाणी झटकन पितो," मी म्हटलं.

"म्हणालो व्हतो," ते म्हणाले, एवढंच.

पिंपं उघडली. मी त्या गोळ्यांच्या बिळांची रुंदी मोजली, जी मी दिवाळीनंतर मोजायला हवी होती. नेहमीच्या मालापेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यावर तांबं चढवलं. आणि या वेळी चाचणीला शुद्ध वायू वापरला नाही. शेठकडून त्यांचाच लेप डबाभर मागवला, तो तापवून त्याची वाफ दोन नळ्यांतून सोडली: एकीत अडीच गुंठेवाला गोळा, दुसरीत एक गुंठेवाला. पहिल्या दिवशी पहिला थोडा पुढे. दुसऱ्या दिवशी दोघे बरोबर. चौथ्या दिवशी पहिला मरगळला आणि दुसरा होता तसाच चालू. प्रयोगशाळेभर असा वास, की मुली रुमाल बांधून काम करत होत्या. हिराजीकाका दर दोन तासांनी डोकावून जात. शर्यत बघायला आल्यासारखे.

हनुमान जयंतीला नऊ दिवस उरले असताना नवे गोळे पेटीत बसले. वास गेला. पण तो गेल्या खेपेलाही गेला होता, त्यामुळे या वेळी कुणी हसलं नाही आणि मीही भाषण केलं नाही. पहिले गोळे अकरा दिवस टिकले होते; नव्यांवर किती भरवसा, ते नऊ दिवसांत पुरतं कळणार नव्हतं. पण नळीतल्या परीक्षेत नवा गोळा चौथ्या दिवशीही धावत होता, त्यावर माझा जीव टांगलेला.

जयंतीच्या दिवशी सकाळी देवळात जन्मसोहळा झाला, सुंठवडा वाटला गेला, आणि मग सगळं गाव ताईंच्या अंगणात. मी होते, दिलीपशेठ होते, हिराजीकाकांना मी आग्रहाने नेलं होतं. ताईंनी फर्मान काढलं होतं, की गटातल्या प्रत्येक घराने त्या आठवड्यात वाळवलेले पाच पापड आणायचे. एकेका घरचा पापड तळायचा आणि तीन म्हाताऱ्यांनी चाखायचा. पहिल्या घरचा चांगला. दुसऱ्या घरचा चांगला. मी घरं मोजत होते. सातव्या घरापर्यंत चांगले. शेठनीही प्रत्येकाचा तुकडा घेतला. "मला काय कळणार? पण कुरकुरीत आहे."

आठवा पापड तोंडात घालताच एका म्हातारीने तोंड वाकडं केलं.

"आगो बाय, ह्याला हाय!"

मागचे लोक पुढे सरकले. दुसऱ्या म्हातारीने चाखला. "व्हय. रंगाचा वास हाय."

शेठ जागच्या जागी थांबले. मी त्यांना पहिल्यांदाच स्थिर उभं बघितलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे हात नेला. तेवढ्यात हिराजीकाका पुढे झाले, त्यांनी तुकडा घेतला, चावला, आणि म्हणाले, "ह्यो तो वास न्हवं. कुणाच्या घरचा ह्यो पापड?"

एक तरुण सून मागून पुढे आली. "माझ्या."

"घरात काय रंगवलंव?"

ती बावरली. मग तिची सासूच म्हणाली, "अगो, गणपती! हमरापूरच्या कारखान्यातनं रंगवायला मूर्ती आणल्यात ना आपण. पापडाचा डबा कुठं ठेवलास?"

"त्याच खोलीत," ती म्हणाली. "रंगाच्या डब्यांच्या शेजारी."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, इतकं हशात बुडालं. त्या सुनेच्या अंगणातून त्याच सकाळी वाळत घातलेला पापड आणून तळला. स्वच्छ. म्हातारीने दोनदा मागून खाल्ला. उरलेली घरं झाली, आणि ताईंनी कढई उतरवून शेठना सांगितलं, "चालू द्या तुमची भट्टी." मग त्यांनी गर्दीत आपल्या दिराला हुडकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय भावजी, आज जेवताना बोलाल काय?" तो बिचारा मान खाली घालून हसत होता.

शेठनी घरी फोन लावला. "शर्ट घेऊन येतो," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. बायकोने शर्ट हातात घेऊन हुंगला होता आणि "घामाचा आहे" म्हणाली होती. ते इतके आनंदात होते, की मला दोनदा तेच सांगितलं.

पावसाळ्यात पेटी उघडून बघितली. मी स्वतः दहा गोळे फोडले. काळी कड होती, पण पुसट, आणि आतला रंगही बदलला होता. म्हणजे पाहुणे शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन आले होते.

त्यानंतर मी तो जुना अहवाल काढला. तार खरंच सरकली होती; दुरुस्तीवाल्याच्या नोंदीत ते तेव्हाच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. 'निष्काळजीपणा' हा शब्द मागे घेत असल्याचं पत्र मी कार्यालयाला दिलं. शब्द खोडला गेला. पण मधल्या काळात भट्टी विभागाच्या मुख्याची जागा निघाली होती, आणि त्या शेऱ्यामुळे ती काकांच्याऐवजी दुसऱ्याला गेली. पुन्हा तशी जागा निघाली नाही. मी माफी मागायला भट्टीवर गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, मुख्य झालो असतो तर ऑफिसात बसावं लागलं असतं. तिथं बसून गोळा फोडायला कोण देतंय?" त्यांनी मला हसवलं. पण मी घरी येऊन हसले नाही.

व्यवस्थापनाला पटवणं हे वेगळंच काम निघालं. एक गुंठेवाला माल आता जाणूनबुजून, तापमान मोजूनमापून बनवायचा, आणि त्याला नवं नाव द्यायचं, असं मी म्हणत होते. विक्रीवाले डोक्याला हात लावत. गिऱ्हाईक पहिला प्रश्न क्षेत्रफळाचा विचारणार, आपला आकडा निम्म्याहून कमी, मग घेणार कोण? मी म्हटलं, गिऱ्हाइकांना बोलवा आणि आपण समजावू. बैठक रोह्यात ठरली, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मी अट घातली, की व्यासपीठावर माझ्यासोबत हिराजीकाका असतील.

ते आले इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कपाळाला गंध. मी पडद्यावर आलेख दाखवले. त्यांनी पक्कड काढून दोन गोळे फोडले आणि पहिल्या रांगेत फिरवायला दिले. खेकड्यांचं सांगितलं. हॉल हसला, पण गोळे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि लोक ते खिडकीच्या उजेडात धरून बघत होते.

शेवटी एक तरुण इंजिनीअर उठला. मोठ्या कंपनीतला, वही उघडी, पेन तयार. त्याने मला न विचारता थेट काकांना विचारलं, "सर, थोडक्यात सांगायचं तर सपोर्टचं क्षेत्रफळ नेमकं किती असावं?"

'सर' ऐकून काका जरा गडबडले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: तुम्हीच सांगा. त्यांनी घसा खाकरला, माइक तोंडाजवळ घेतला आणि त्या मुलालाच विचारलं,

"आत कोण येणार हाय?"

मुलगा पेन धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि शेजारच्याला आपल्या धुराड्यातून काय काय निघतं ते सांगायला लागला. हॉलभर तेच सुरू झालं, जो तो आपापल्या वासाबद्दल बोलत होता. काकांनी माइक मला परत दिला आणि हळूच विचारलं, "मॅडम, बरोबर बोललो ना?"